तिसऱ्या गटातली विसावी

कर्र… टक्.

दुपारचे अडीच. मुंगी झोपलेली, सासूबाई तोंडावर पेपर घेऊन आडव्या झालेल्या, न्हाणीघरातला नळसुद्धा गळायचा थांबलेला. अशा सुखाच्या शांततेत आमच्या वजनकाट्याने हा आवाज काढला. मी त्यावर पूर्ण उभीसुद्धा राहिले नव्हते. एक पाय ठेवला होता आणि दुसरा ठेवायचा विचार करत होते. पण आमचा काटा जुना आहे, त्याला विचारसुद्धा पेलत नाहीत.

“कोण आहे गं?” पेपराखालून आवाज आला.

“मी. पंखा बंद करतेय.”

“पंखा चालू आहे.”

“म्हणूनच बंद करतेय.”

“मला उकडतंय. राहू दे.”

पंखा राहिला, मी उतरले, आणि मुंगी डोळे चोळत दारात येऊन उभी राहिली. “आई, तू परत वजन केलंस?” मी ओठांवर बोट ठेवलं. मुंगीनेही ठेवलं. पेपराचं एक टोक किंचित उचललं गेलं आणि पुन्हा खाली आलं.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय वर्षं साडेपाच. जन्माला आली तेव्हा दोन किलो सहाशे ग्रॅम होती, म्हणून मुंगी. तिच्या वेळेस माझं वजन चौदा किलो वाढलं. हे मी कोणी विचारो न विचारो सांगते. दुकानात मापाचा ड्रेस मिळाला नाही की सांगते, जिना चढून धाप लागली की सांगते. “हे काय, मुंगीच्या वेळचं आहे!” मुंगी आता शाळेत जाते, तिचे दोन दात पडले, पण वजन अजून तिच्या वेळचंच आहे. आमच्या नात्यागोत्यात याला सगळे मान डोलावतात. बाळंतपणाच्या वजनाला मुदत नसते.

तर ते वजन मी गेले बारा दिवस चोरून उतरवत होते. चोरून खाणं सोपं असतं, चोरून न खाणं फार अवघड. ताटात वाढलेलं नवऱ्याच्या ताटात सरकवायचं, तेही तो बोलत असताना. तो बोलताना समोर काय येईल ते संपवतो, त्यामुळे एवढं जमलं. बिचारा दोन किलोंनी वाढला आणि त्याला कारण कळलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या नणंदेपायी. खरं सांगायचं तर तिच्यापायी नाही, माझ्या नाकापायी.

नणंद माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी तिला थट्टेनं वन्सं म्हणते, ती मला वहिनी. मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी विभागात ती शिकाऊ डॉक्टर आहे, तिथेच वसतिगृहात राहते आणि रविवारी घरी येऊन फ्रीज रिकामा करते. त्या रविवारी मात्र तिने फ्रीज उघडलाच नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोटांनी ओट्यावरचे थेंब जोडत बसली. मला वाटलं, प्रेमात पडली.

“वहिनी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

मुलगा कोणत्या विभागातला, एवढंच विचारायचं मी ठरवून ठेवलं होतं.

“माझ्या प्रबंधासाठी माणसं लागतात. पोटातून एक मोठी धमनी जाते, पाठीच्या कण्याच्या पुढून. तिच्यातून रक्त किती वेगानं वाहतं ते सोनोग्राफीवर मोजायचं. दुखत नाही, सुई नाही, काही नाही.”

“मग घे की. मी कधीही येते.”

“हो, पण…” आणखी दोन थेंब जोडले. “माणसांचे तीन गट आहेत. वजन आणि उंची यांचा हिशेब करून एक आकडा येतो, त्यावरून. पहिला गट, दुसरा गट आणि तिसरा गट. वीस-वीस जणांचे. पहिले दोन भरलेत. तिसऱ्यात एकोणीस आहेत.”

“आणि मी?”

“तिसऱ्यात.”

“तिसरा म्हणजे?”

“वरचा गट,” ती घाईघाईने म्हणाली.

शाळेत मी कायम वरच्या गटात असायचे. अभ्यासात, वक्तृत्वात, एकदा तर रांगोळीतसुद्धा. त्या शब्दाला माझ्या मनात एक मान होता. तो त्या दिवशी ओट्यावर पालथा पडला. मी हसून म्हटलं, “अगं, त्यात काय रागवायचं? हे तर मुंगीच्या वेळचं आहे.” आणि तिच्याकडे पाठ करून भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

वन्संच्या प्रबंधाचा प्रश्न मात्र मला आवडला. ती सांगत होती, की जाड माणसाची धमनी खोल असते. सोनोग्राफीचा आवाज चरबीतून आत जाऊन परत येईपर्यंत थकून जातो, चित्र धूसर येतं, यंत्र धरायचा कोनही बिघडतो. मग पडद्यावर आकडा वेगळा आला, तर तो रक्ताचा वेग वेगळा आहे म्हणून, की आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही म्हणून? “डॉक्टर लोक आकडा बघतात आणि सांगून मोकळे होतात,” ती म्हणाली. “मला बघायचंय, की माणसात फरक आहे की ऐकण्यात.”

आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांना हा प्रश्न लागू पडला असता. मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी विभागात जाऊन नोंदणीचं वजन झालं. शहात्तर किलो दोनशे. आकडा आला तीस पूर्णांक पाच. तिसऱ्या गटाची हद्द तीस. वन्संने माझा हात इतका घट्ट दाबला, की जणू मी सुवर्णपदक आणलंय. पण तपासणीसाठी खोली फक्त शनिवारी सकाळी मिळायची, आणि येत्या शनिवारी यंत्राची दुरुस्ती होती. म्हणून त्याच्या पुढचा शनिवार ठरला. तोच शेवटचा. सोमवारी वन्संच्या मॅडमसमोर साठ जणांची फाइल पूर्ण पाहिजे, नाहीतर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा सहा महिने पुढे. वसतिगृहाची ती खोली, तो ढेकणांचा पलंग आणि त्या रात्रपाळ्या, सगळं आणखी सहा महिने.

हे मला स्वच्छ माहीत होतं. तरीही मी काकडी खात होते. माणसाचं डोकं कसं चालतं पाहा: वन्संचं काम व्हावं हे मला मनापासून हवं होतं, आणि फाइलीत माझं वजन जरा तरी सभ्य दिसावं, हेही तितकंच मनापासून हवं होतं. तीस पूर्णांक पाचऐवजी तीस पूर्णांक एक आला तर कोणाचं काय बिघडणार होतं? तिसऱ्या गटात जायचंच, तर निदान दाराशी बसावं, एवढाच माझा हट्ट होता.

घरचा काटा रिकामा असतानाच दीड किलो दाखवतो आणि डाव्या बाजूला कलून उभं राहिलं तर त्याला दया येते. त्या काट्यावर मी माझ्या सभ्यतेचं मोजमाप करत होते. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक, वरच्या मजल्यावरच्या काकूंना तपासणीबद्दल सांगितलं. काकूंचं शिक्षण किती ते कोणाला ठाऊक नाही, पण त्यांच्या सल्ल्याचा पुरवठा अखंड आहे.

“सोनोग्राफी? पोटाची? मग गॅस नको हो. गॅस झाला की पडद्यावर सगळं ढग. माझ्या जावेच्या पोटात तर डॉक्टरांना काहीच दिसलं नाही.”

“मग काय केलं त्यांनी?”

“काय करणार? सगळं छान आहे म्हणून सांगितलं.”

त्यांनी मला सहा दिवस डाळ बंद करायला सांगितली. समोरच्या दारातले निवृत्त ग्रंथपाल काका म्हणाले, डाळ नव्हे, मूळ दोष बोलण्यात आहे. माणूस बोलताना हवा गिळतो. त्यांनी मला एक पुस्तक दिलं आणि पंधरा दिवसांत परत करायची तारीख आतल्या पानावर लिहून दिली. तळमजल्यावरच्या टेलरबाईंनी सल्ला काही दिला नाही. त्यांनी मला जिन्यात एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “निळा ड्रेस आणून टाका. दोन बोटं आत घेते.”

माझ्या बारा दिवसांच्या तपश्चर्येचं ते एकमेव प्रमाणपत्र. मी इतकी खूश झाले, की त्यातला धोका माझ्या लक्षातच आला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. रात्री आठनंतर माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, तो नियमच होता. मुंगीला सांभाळायला सासूबाई बरोबर आल्या. निघताना मी त्यांना म्हटलं, “आई, तुम्ही चहा-नाश्ता करून घ्या ना.” त्या चप्पल शोधत राहिल्या. सासूबाईंना एखादी गोष्ट करायची नसली की त्यांची चप्पल हरवते.

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. त्यांचं वजन पंचावन्न किलो आहे. लग्नात पंचावन्न होतं, दोन बाळंतपणांनंतर पंचावन्न होतं आणि आजही पंचावन्न आहे. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. त्यांना काट्यावर उभं राहिलेलं घरात कोणी पाहिलेलं नाही. वयाचंही तसंच आहे. मुंगी झाली तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या, आणि शब्दाच्या पक्क्या असल्यामुळे अजून आहेत.

विभागात तंत्रज्ञ बाई बसल्या होत्या. उंच, गंभीर, हात बर्फासारखे. मोजणी त्या करणार होत्या. नातेवाईक चालतील, पण मोजणाऱ्या हाताला गट माहीत नसावा, असा वन्संचा नियम होता. म्हणून वजन बाहेरच्या खोलीत वन्सं स्वतः घेणार आणि तपासणी आत बाई करणार. मी चपला काढल्या, मोबाइल काढला, सवयीने केसातली क्लिपसुद्धा काढली.

काट्यावर लाल आकडे आले. चौऱ्याहत्तर पूर्णांक एक.

माझ्या मनात अक्षरशः घंटा वाजल्या. दोन किलो शंभर! मी वळून वन्संकडे पाहिलं, तर ती कॅल्क्युलेटरची बटणं दाबत होती. एकदा दाबली, पुसली, परत दाबली.

“एकोणतीस पूर्णांक सात,” ती म्हणाली. “वहिनी, तू आजारी होतीस?”

“नाही.”

“मग?”

“आई काकडी खाते,” मुंगी म्हणाली. “लपून. आणि पंखा बंद करते.”

वन्संने फाइल मिटली आणि ती खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती लहान मुलासारखी ओठ दाबून जमिनीकडे बघत होती. सासरी आले तेव्हा एकोणीस वर्षांची ही पोर मला सायकल शिकवायला अशीच ओठ दाबून मागे पळायची. पडले तर मी पडायचे, गुडघे तिचे फुटायचे.

“मी पाणी पिते,” मी म्हटलं. “एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आत्ता पिते.”

“उपाशीपोटी तपासणी आहे.”

“मग चपला घालते. पर्स घेते. तुझी ती जाड पुस्तकं कुठे आहेत?”

“वहिनी,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू ते तिलाच ठरवता येईना. “आकडा खरा की खोटा, यावर माझा अख्खा प्रबंध आहे गं. त्यातच खोटा आकडा घालू?”

मी मोबाइल उचलला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. साडेआठ वाजले होते. खोली एक वाजेपर्यंत आमची होती. एवढ्या वेळात एक जाड, उपाशी आणि साठ वर्षांच्या आतलं माणूस शोधायचं होतं. जाड माणसं खूप आहेत हो. पण शनिवारी सकाळी साडेआठला उपाशी असलेलं जाड माणूस फार दुर्मीळ.

नवरा म्हणाला, “मी येतो!” त्याला आठवण करून द्यावी लागली, की तो दुसऱ्या गटात सातवा म्हणून आधीच मोजला गेलाय. “पण आता मी वाढलोय,” तो म्हणाला. ते मी नाकारू शकत नव्हते, पण एकच माणूस दोन गटांत बसत नाही.

काकूंनी “तिसरा गट” हे शब्द ऐकले आणि फोनवर थंडी पसरली. “मी हाडाने जाड आहे, वजनाने नाही. हाडाचा काही गट आहे का तुमच्याकडे?” ग्रंथपाल काका यायला एका पायावर तयार झाले, पण ते सदुसष्ट वर्षांचे आणि पुस्तकातल्या खुणेच्या दोरीएवढे. “दोन्ही खिशांत शब्दकोश घालतो,” म्हणाले. त्यांना मी पुस्तक वेळेवर परत करेन असं सांगून फोन ठेवला.

शेवटी टेलरबाई. गेली अठरा वर्षं सगळ्या इमारतीची मापं त्यांच्या वहीत आहेत. कोण किती खरं बोलतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

“बाई, तुमच्याशिवाय कोण सांगणार? कोणाचं माप…”

“वहीतलं माप मी सांगत नाही. नवऱ्याला बायकोचं सांगत नाही, बायकोला नवऱ्याचं नाही.” मागे शिलाईमशीन घरघरत होतं. “तुमचंही मी कोणाला सांगितलं नाही.”

“हो, पण इथे पोरीचं वर्ष चाललंय हो.”

मशीन थांबलं. “बरोबर कोण आलंय तुमच्या?”

“सासूबाई आणि मुंगी.”

“मग एवढ्या लांब फोन कशाला करताय?” आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मी हळूच मान वळवली. कॉरिडॉरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर मुंगीची पाण्याची बाटली, नजर समोरच्या भिंतीवर. बाक तिघांचा होता. शेजारी मुंगी बसली होती, आणि बाक भरला होता. सात वर्षं मी हे रोज पाहत होते. पंचावन्न असं ऐकलं होतं, म्हणून पंचावन्न दिसत होतं.

पण विचारायचं कसं? जगातल्या कोणत्या सुनेने कोणत्या सासूला हे विचारलंय? मी जवळ जाऊन बसले, म्हणजे बाकाच्या काठाला टेकले. वन्संची फाइल, सोमवार, सहा महिने, माझी काकडी, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, “माझ्या नाकापायी झालं हे, आई.”

त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “मला काय सांगतेस? बारा दिवस रोज दुपारी मी पेपराखाली जागीच असते.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुझ्या वयाची असताना मीसुद्धा दुपारीच उभी राहायची काट्यावर. मग एक दिवस सोडून दिलं. पंचावन्नवर.” मग म्हणाल्या, “किती लागतं गं तुमच्या त्या गटाला?”

“तुमची उंची दीडशे धरली तर… साडेसदुसष्ट.”

सासूबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. आधीच घट्ट होतं.

“पण तुम्ही तर सकाळी…”

“तू उपाशी आणि मी तुझ्यासमोर चहात बिस्किट बुडवू?” त्या एकदम डाफरल्या. “रात्रीपासून अन्नाचा कण नाही पोटात. चल, कुठे सही करायची ते दाखव. आणि तिला आत्ता काही सांगू नकोस. आधीच रडकी आहे.”

आता खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मध्ये नोंदणीची खिडकी होती.

खिडकीला काच, काचेआड कारकून, कारकुनापुढे माइक. त्यांचा आवाज बाहेर हॉलमध्ये ऐकू यावा अशी ती सोय, आणि ती सोय उत्तम चालत होती.

“वय?” हॉल दुमदुमला.

सासूबाई काचेला अगदी नाक टेकवून कुजबुजल्या, “चोपन्न.”

“ओळखपत्र?” ओळखपत्र आत गेलं. माइकने घसा खाकरला. “इथे एकोणसाठ आहे. एकोणसाठ वर्षं अकरा महिने. साठ पूर्ण झाले की चालत नाही. वाचलात आजी!”

पन्नास एक डोकी वळली. आजी म्हटलेलं सासूबाईंना घरात फक्त मुंगीकडून चालतं.

“संशोधकाशी नातं?”

“आई.”

“नात्याचा पुरावा?”

“नाक बघा,” सासूबाई म्हणाल्या. आतून वन्सं नेमकी धावत आली होती. कारकुनाने एकदा हे नाक पाहिलं, एकदा ते पाहिलं आणि शिक्का मारला.

“आई, तू?” वन्सं म्हणाली. तिला काहीच उमगेना. “पण तू तर पंचावन्न…”

“तुमच्या काट्याला विचार,” सासूबाई म्हणाल्या. अट एकच होती. वजनाच्या वेळी सगळ्यांनी पाठ करायची, आकडा वन्संने मनात वाचायचा आणि कागद दुमडून ठेवायचा. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. चपला काढल्याचा आवाज आला. एक मोठा श्वास ऐकू आला.

पण मुंगीच्या शाळेत त्याच महिन्यात आकडे शिकवले होते, आणि अट मुंगीला कोणी सांगितली नव्हती.

“सहा!” ती आनंदाने ओरडली. “नऊ! टिंब! तीन!”

सासूबाई काट्यावर तशाच उभ्या होत्या, नजर सरळ, वर्गात पहिल्यांदाच छडी खाणाऱ्या हुशार मुलीसारख्या. पाच वर्षांचं वय खिडकीत गेलं होतं, चौदा किलो इथे आले.

“मशीन बिघडलंय,” त्या म्हणाल्या. मग लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं होतं. “पण लिही. ते म्हणतंय तर लिही.”

तीस पूर्णांक आठ. माझ्यापेक्षा खणखणीत.

आत पलंगावर तंत्रज्ञ बाईंनी जेली लावली आणि सासूबाई “अगं बाई!” म्हणून अर्ध्या उठल्या. मग खरी अडचण कळली. तपासणीत श्वास रोखून आठ-दहा सेकंद गप्प राहायचं असतं.

“श्वास घ्या. थांबा.”

“थांबले,” सासूबाई म्हणाल्या.

“बोलू नका.”

“नाही बोलत.”

पाच वेळा असं झालं. सहाव्या वेळी, त्या दुपारी मुंगीला गप्प केलं होतं ते आठवून, मी पलंगाशी जाऊन ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीही ठेवलं. बाईंनी यंत्र दाबलं, तिरकं केलं, आणखी जरा दाबलं. पडद्यावर नुसतं करडं धुकं होतं. मग कुठून तरी, फार लांबून आल्यासारखा, आवाज सुरू झाला. हूश्… हूश्… हूश्… बाईंनी मनगट केसभर वळवलं आणि तो अख्ख्या खोलीत भरला.

“आजीच्या पोटात कोण झाडतंय?” मुंगीने विचारलं.

सासूबाई छताकडे बघत स्वतःलाच ऐकत होत्या. त्यांना इतकं गप्प मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. साठ वर्षं आतल्या आत हे चाललं होतं आणि त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं.

“खोल आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या गंभीर चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक दिसलं. “पण स्वच्छ आहे. शोधावं लागलं एवढंच.”

“खोलच असणार,” सासूबाई म्हणाल्या. “सगळं काय वरवर ठेवायचं?”

ते मोजमाप वाया गेलं, पुन्हा श्वास रोखावा लागला. पण सव्वाअकरा वाजता फाइलीत तिसऱ्या गटातली विसावी जागा भरली. वन्सं बाहेर येऊन आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. “वहिनी,” ती माझ्या खांद्यात म्हणाली, “बारीक झाली म्हणून जिच्यावर मी रडले, अशी अख्ख्या जगात तू एकटीच.” मग माझ्या पर्समधली मुंगीची सगळी बिस्किटं खाल्ली.

घरी येऊन आम्ही तिघी जेवलो. डाळ, भात, पुन्हा भात. सासूबाईंनी मला विचारून वाढलं नाही आणि मी त्यांना. नंतर त्या आडव्या झाल्या. पेपर मात्र घडी करून उशाशी ठेवला.

मी भांडी आवरत होते, तर आतून आवाज आला. कर्र… टक्.

या वेळी काट्यावर मुंगी उभी होती, उघडउघड, मधोमध. “ये ना,” ती म्हणाली, आणि मी गेल्यावर माझ्या पावलांवर पावलं ठेवून, माझ्या पोटाला पाठ टेकवून उभी राहिली. काटा झपकन पुढे पळाला.

“आपण दोघी केवढ्या!” तिला आनंद झाला. “मी पोटात होते तेव्हा पण काटा असाच पळायचा?”

“हो. चौदा किलो पळाला होता.”

“माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे.”

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. सासूबाईंनी कूस बदलून आमच्याकडे तोंड केलं.

“पण आई, मी तर दोन किलो सहाशेच होते ना?” मुंगीने मान मागे टाकून खालून माझ्याकडे पाहिलं. “मग बाकीचं कोण होतं?”